चौकटीत घातलेला इशारा

ओरेस्ट मेल्निक एक दिवस साहेबाच्या तोंडावर ओरडेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. अहो, लिफ्टमध्ये दुसऱ्याचा पाय ह्याच्या बुटावर पडला तरी हाच सॉरी म्हणायचा. आता आमच्या विनिपेगमध्ये सगळेच म्हणतात म्हणा, पण हा मनापासून म्हणायचा.

मी डारलीन. आमची कंपनी धान्य वाळवायच्या यंत्रांसाठी पेट्या बनवायची. घराएवढ्या पत्र्याच्या कणगीत किती गरम हवा सोडायची, तळातला लांबलचक स्क्रू कधी फिरवून दाणे बाहेर ओढायचे, हे सगळं ती पेटी ठरवते. माझं काम फोनवर. पेटी चालेना की शेतकऱ्यांनी मला झापायचं, मी त्यांना उलट झापायचं, आणि शेवटी पेटी चालू व्हायची. तोंडाची फटकळ म्हणूनच मला त्या खुर्चीवर बसवलं होतं. शेजारच्या टेबलावर ओरेस्ट. पेट्यांची माहितीपुस्तकं लिहिणारी मंडळी वेगळी होती; त्यांना लागणारे प्रोग्राम हा सांभाळायचा. त्यातला त्याचा लाडका म्हणजे शुद्धलेखन तपासणारा. त्याला आम्ही सगळे 'मास्तर' म्हणायचो.

पूर्वीचा मास्तर निव्वळ मठ्ठ. आमच्या पुस्तकांत निम्मी भाषा माणसाची, निम्मी यंत्राची. बटणांची आडवीतिडवी नावं, पेटीला द्यायच्या आज्ञा, कोडच्या ओळी. शिवाय हे शीर्षक, हे ठळक, हे कोड, अशा छपाईच्या खुणा मजकुरात जागोजागी पेरलेल्या. मास्तर त्या सगळ्यांखाली लाल रेघा ओढत सुटायचा. पान उघडलं की अंगभर गोवर उठल्यासारखं दिसायचं. त्या लाल गर्दीत खरी चूक कुठे बसलीय हे कोण शोधणार? कुणीच शोधायचं नाही.

ओरेस्टने त्याला शहाणं केलं. कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःहून. खुणा वगळायच्या, पण खुणांच्या आतला मजकूर वाचायचा. कोडची चौकट आली की आत डोकवायचं नाही, मात्र त्या कोडमध्ये कुणी माणसासाठी टीप लिहून ठेवली असेल तर तेवढी वाचायची. वाक्यात बटणाचं नाव आलं तर लिहिणाऱ्याने त्या एका शब्दाला छोटी खूण करायची, मग मास्तर तेवढाच शब्द सोडणार. महिनोन्महिने तो ह्यातच गढलेला असायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, "अरे, कशाला जीव काढतोस? कोण वाचतंय ती पुस्तकं?"

"डारलीन," तो चष्मा पुसत म्हणाला, "यंत्राच्या भाषेत चूक झाली तर यंत्र बोंब मारतं. माणसाच्या भाषेत झाली तर माणूस बोंब मारत नाही. तो बिचारा पुस्तकात असेल तसं करून मोकळा होतो."

हे त्याचं वाक्य मला तेव्हा फार मोठं वाटलं नव्हतं. मी हसले होते.

एकाच मजकुरातून आमची दोन पुस्तकं निघायची. जाडं दुरुस्तीवाल्यांसाठी, पातळ शेतकऱ्यांसाठी. शेतकऱ्याला कोड घेऊन काय करायचंय? म्हणून पातळ पुस्तक छापताना कोडच्या अख्ख्या चौकटी आपोआप गळून पडतील, अशी सोयही ओरेस्टनेच केली. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. शेतकऱ्यांचे फोन कमी झाले, म्हणून मीही थोपटली.

मग आमच्या किंबल साहेबांना एक कल्पना सुचली. साहेब लोकांना कल्पना सुचली की मला धडकीच भरते. त्यांनी मधल्या वाटेत भिंतीवर फलक लावला. पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणाला एक दिवा. मास्तरला एक जरी चूक दिसली तरी दिवा लाल, नाहीतर हिरवा. आणि शुक्रवारी दुपारी अख्खा फलक हिरवा असेल तरच जॅमबस्टरचा खोका उघडायचा. एक दिवा लाल राहिला की खोका बंद, आणि ज्याचं प्रकरण लाल त्याच्याकडे सगळे असे बघणार की त्यानेच हॉकीचा सामना हरवलाय. साध्या जॅम भरलेल्या डोनटसाठी शिकलेली माणसं काय काय करतात, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण चमत्कार झाला खरा. महिन्याभरात फलक दर शुक्रवारी हिरवागार. ओरेस्ट कॉफीचा कप घेऊन त्याच्यासमोर उभा राहायचा. नुसता बघायचा, आणि कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या बायकांबरोबर बसून पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, वळायचा, त्याच्या पेरोगीची कड उकळत्या पाण्यात कधी सुटायची नाही. रविवारी धाकट्या भावाकडे, स्टुआर्टबर्नला शेतावर. वडील लवकर गेले, तेव्हा वासिलला ह्यानेच वाढवलं. वासिलच्या मक्याच्या कणगीवर आमचीच पेटी होती. ओरेस्टने स्वतः बसवून दिलेली. शेजारी खिळ्याला सुतळीने पातळ पुस्तक टांगलेलं. "ह्यात बघितल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही," असं त्याने भावाला बजावलं होतं. आणि वासिल भावाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

त्या वर्षी मका ओलाच निघाला. साऱ्या मॅनिटोबा प्रांतात वाळवणी रात्रंदिवस चाललेली आणि माझा फोन किंचाळून दमलेला. अशात विंकलरकडच्या पेनर नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. माणूस धापा टाकत होता.

"बाई, तुमचा स्क्रू आपोआप चालू होतो."

"आपोआप कसा होईल? तुम्ही काहीतरी दाबलं असेल."

"मी काय दाबणार? मी कणगीत उतरत होतो! मक्यावर खपली धरली होती ती फोडायला. पेटीच्या पडद्यावर 'थांबलं' असं आलेलं. एक पाय शिडीवर होता म्हणून वाचलो. दुसरा पाय टेकला तोच मका मला खाली ओढायला लागला."

माझं डोकंच फिरलं. असे लोक असतात, पुस्तक वाचायचं नाही आणि वर आम्हालाच बोल लावायचा. मी माझं जाडं पुस्तक उघडलं आणि चढ्या आवाजात त्याला वाचून दाखवलं: "स्क्रू थांबला म्हणजे बंद झाला असं नाही. पेटी आपोआप चालण्यावर ठेवली असेल तर स्क्रू कोणत्याही क्षणी पुन्हा सुरू होतो. कणगीत उतरण्यापूर्वी मेन स्विच पाडा व त्याला कुलूप घाला. हे न केल्यास जीव जाईल. आता ह्याहून स्पष्ट काय लिहायचं, पेनर? चित्र काढून देऊ?"

"बाई, पुस्तक माझ्या मांडीवर आहे," तो म्हणाला. "खपली फोडण्याचंच पान उघडलंय. पडद्यावर 'थांबलं' दिसेपर्यंत वाट पाहा, असं आहे. त्याच्या खाली, लांब दांड्याने खपली फोडा, असं आहे. मधे तुम्ही म्हणता तसलं काहीही नाही."

मी त्याला दोनदा वाचायला लावलं. नव्हतंच. माझा तोरा जागच्या जागी उतरला. आधी मेन स्विच पाडा, कुलूप घाला आणि कणगीकडे फिरकू नका, असं सांगून मी फोन ठेवला आणि ओरेस्टकडे वळले.

त्याने मूळ मजकूर उघडला. तो परिच्छेद तिथे होता, शब्दन्‌शब्द. फक्त त्याच्या वर एक खूण आणि खाली एक खूण होती. कोडची. जीव जाईल असं सांगणारा अख्खा परिच्छेद कुणीतरी कोडच्या चौकटीत घातला होता.

"हे कोड नाहीये," ओरेस्ट हळूच म्हणाला. पुन्हा म्हणाला, "डारलीन, हे कोड नाहीये."

हे प्रकरण पुस्तकं लिहिणाऱ्यांतल्या कर्टिसचं होतं. मी हाक मारली तसा तो हातातलं सँडविच खात खातच आला. "हां, ते होय," तो म्हणाला. "त्यात बटणांची नावं खच्चून आहेत. मास्तर सगळीकडे लाल करत होता. एकेका शब्दाला खूण करत बसलो असतो तर शुक्रवार गेला असता. चौकटीत टाकलं की गप्प बसतो तो. सगळेच करतात तसं." आणि आमच्या चेहऱ्यांकडे बघून त्याचा घास तोंडातच राहिला. "का? काय झालं?"

सगळेच करतात! ओरेस्टने मास्तरला विचारलं, ज्या चौकटींत यंत्राची भाषा नाही, नुसती साधी वाक्यं आहेत, तेवढ्या दाखव. पडदा भरला. तो खाली सरकवत गेला, सरकवत गेला, संपेचना. इशारे होते, सावधान म्हणून सांगितलेलं होतं, गॅसची नळी तपासायची रीत होती. जिथे जिथे नावं जास्त आणि लिहिताना किचकट, तिथे तिथे चौकट. आणि किचकट तेच तर धोक्याचं असतं हो! भिंतीवरचा हिरवागार फलक चुका सुधारल्यामुळे हिरवा नव्हताच. चुका आणि इशारे एकाच गोधडीखाली दडपून झोपवले होते. आणि ती गोधडीच आम्ही शेतकऱ्याच्या पुस्तकातून काढून फेकत होतो.

कर्टिसला चार शिव्या हासडायला मी तोंड उघडलं. आणि तेवढ्यात ओरेस्ट असा उठला की त्याची खुर्ची मागे जाऊन आपटली.

"वासिल," तो म्हणाला.

वासिलचा मोबाइल वाजत राहिला. मग घरचा नंबर. तो मीच लावला, आवाज मोठा करून ठेवला. वासिलच्या बायकोने, सोन्याने उचलला.

"वासिल कुठाय?"

"कणगीत उतरलाय, भावोजी. मक्यावर खपली धरलीय. का हो?"

"मेन स्विच पाड! सोन्या, धाव, मेन स्विच पाड!"

"अहो, घाबरू नका," ती हसत म्हणाली. "पडद्यावर 'थांबलं' आलं तेव्हाच उतरलाय. तुमचं पुस्तक बघूनच गेलाय तो."

"सोन्या, धाव!!"

असा ओरडा मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. सगळी कचेरी उभी राहिली. पलीकडे फोन टेबलावर आदळल्याचा आवाज, दार, कुत्र्याचं भुंकणं. आणि मागे वाळवणीच्या पंख्याची घरघर. ती चालूच. आम्ही ती घरघर ऐकत उभे. कर्टिसच्या हातातलं सँडविच केव्हा खाली पडलं कुणी पाहिलं नाही. ओरेस्ट आमच्या बोलीत नाही, त्याच्या आईच्या बोलीत काहीतरी पुटपुटत होता, देवाचं असावं. घरघर चालूच. किती वेळ, मला विचारू नका. मग ती थांबली. एकदम शांत झालं.

शांत झालं म्हणजे काय, हे मात्र कळेना. बऱ्याच वेळाने पावलं वाजली, आणि एक पुरुषी आवाज तावातावाने म्हणाला, "दादा, काय चाललंय तुमचं? अर्धी वाळवण बंद पाडली हिने! गुडघाभर मक्यात उभा होतो मी, स्क्रू थांबलेला होता, पुस्तकात आहे तसं सगळं—"

ओरेस्टने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वासिलला मीच सगळं सांगितलं.

आम्ही रडलो, हसलो, कुणीतरी ओरेस्टला पाणी दिलं. सुटलो, असं मला वाटलं. पण ओरेस्टने पाण्याला हात लावला नाही. तो म्हणाला, "बाकीचे?"

बाकीचे. ज्यांचा भाऊ आमच्या कचेरीत नाही ते.

तोवर किंबल साहेब बाहेर आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि दुकानाचं शटर पडावं तसा त्यांचा चेहरा झाला. "कुणीही कुणाला फोन करायचा नाही," ते म्हणाले. "वकिलांशी बोलल्याशिवाय एक शब्द बाहेर जाता कामा नये. उद्या सकाळी बैठक घेऊ."

"उद्या सकाळी?" ओरेस्ट म्हणाला. आणि मग तो ओरडला. "आत्ता ह्या घटकेला माणसं कणगीत उतरतायत! माझं पुस्तक वाचून उतरतायत! काढून टाकायचं असेल तर मला काढून टाका, पण त्या फोनला हात लावाल तर याद राखा!"

साहेब मागे सरकले. मी माझ्याकडची ग्राहकांची यादी काढली आणि निम्मी कर्टिसच्या पुढ्यात ढकलली. "बस इथे," म्हटलं, "आणि कर फोन. सगळेच करतात ना? मग सगळेच करा." त्याने मान खाली घातली आणि बसला. एकेक करून सगळी कचेरी बसली. मेन स्विच पाडा, कुलूप घाला, उतरू नका. मेन स्विच पाडा, कुलूप घाला, उतरू नका. कुणी आभार मानले, कुणी आई-बहीण काढली, एकाने तर मी पुस्तक उघडलेलंच नाही म्हणून फुशारकी मारली. त्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

आणि मग अल्टोनाकडच्या रेम्पेल यांच्या घरी ओरेस्टने फोन लावला. त्याने पाठ केलेलं सगळं भराभर सांगितलं. पलीकडून एक बाई शांतपणे म्हणाली, "माझ्या यजमानांचं कणगीत काय झालं ते तुम्हाला कुणी कळवलं? मंगळवारी दफन झालं त्यांचं."

ओरेस्टने फोन खाली ठेवला नाही. त्याचा रंग मक्याच्या सालपटासारखा झाला. मग तो म्हणाला, "बाई, मी येऊ का?"

गाडी मी चालवली. त्याच्या हातात चाक द्यायची माझी छाती नव्हती.

ॲगाथा रेम्पेल बाईंनी आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. काळा पोशाख, हात मात्र पिठाचे. दाराशी त्यांचा दीर हाताची घडी घालून उभा. टेबलावर आमचं पातळ पुस्तक. दर ओळीपाशी पेन्सिलची बारीक टिंबं.

"मी हे पहिल्या पानापासून वाचलं," बाई म्हणाल्या. "पुन्हा पुन्हा वाचलं. याकोबचं कुठे चुकलं ते शोधत होते. सापडत नाही मला. मी फार शिकलेली नाही."

"तो पहिल्यापासून निष्काळजीच होता," दीर दारातून म्हणाला. "चर्चमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. पुस्तक वाचायला नको का माणसाने?"

कोपऱ्यात दोन मोठी मुलं उभी होती, बापाच्या उंचीला आलेली. काकाच्या बोलण्यावर दोघांनी माना खाली घातल्या. निघताना साहेबांनी मला बजावलं होतं, तिथे सांत्वन करायचं, कबूल काही करायचं नाही. ते मी ओरेस्टला सांगितलं होतं. त्याने खिशातून जाड्या पुस्तकातलं फाडलेलं पान काढलं आणि बाईंच्या पुस्तकाशेजारी ठेवलं.

"तुम्हाला सापडलं नाही, कारण ते ह्यात नाहीच," तो म्हणाला. "हा इशारा असायला हवा होता. तो गाळणारा प्रोग्राम मी लिहिला. तुमच्या यजमानांनी पुस्तक वाचलं होतं, बाई. पुस्तकात होतं तसंच त्यांनी केलं. त्यांचं काहीही चुकलं नाही."

बाईंनी ते पान बोटाने ओळ धरून वाचलं. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. संपल्यावर त्या रडतील, आम्हाला हाकलतील, पुस्तक तोंडावर मारतील असं मला वाटलं, आणि मारलं असतं तर मी हूं की चूं केलं नसतं. त्यांनी तसं काही केलं नाही. त्या उठल्या, दिराला दारातून आत ओढलं, मुलांना जवळ बोलावलं, आणि ओरेस्टकडे वळल्या.

"आता परत सांगा," त्या म्हणाल्या. "मोठ्याने सांगा."

ओरेस्ट उभा राहिला आणि त्याने परत सांगितलं.